जाळीआडचा प्राणी

प्राणिसंग्रहालयातल्या छायाचित्रात सर्वांत आधी खटकते ती जाळी. घरी संगणकावर ती पुसत बसण्यापेक्षा चित्र घेतानाच नाहीशी करणे सोपे असते. लेन्स जाळीच्या जितकी जवळ आणि प्राणी जाळीपासून जितका लांब, तितकी तार फोकसबाहेर पसरते. ३०० मिमीच्या लेन्सवर एफ/४ ठेवले की छिद्राचा व्यास ७५ मिमी होतो. त्याच्यासमोर ३ मिमी जाडीची एखादी तार आली, तर जेमतेम पाच टक्के प्रकाश अडतो. तेच एफ/१६ वर छिद्र १९ मिमीपर्यंत आक्रसते आणि तीच तार वीस टक्के प्रकाश खाते. म्हणून छिद्र पूर्ण उघडे ठेवावे आणि सावलीतली जाळी निवडावी. उन्हात चमकणारी तार फोकसबाहेर गेली तरी साऱ्या चित्रावर पांढुरकी झाक सोडते. पार्श्वभूमीही गडद हवी, कारण प्राण्यामागे उजळ भिंत किंवा आकाश असेल तर विरलेल्या जाळीच्या रेघा तिथे पुन्हा उमटतात. ऑटोफोकस तारेवरच अडकत असेल, तर एकच फोकसबिंदू डोळ्यावर ठेवावा; तेही साधले नाही तर हाताने फोकस करावा.

वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यांपुढे प्रेक्षकांसाठी वेगळा कठडा असतो, त्यामुळे जाळीला लेन्स लावता येत नाही. अशा वेळी लांब लेन्स घ्यावी आणि प्राणी मागे जाण्याची वाट पाहावी. कठडा ओलांडणे, खडा टाकणे, शीळ घालणे हा छायाचित्रणाचा भाग नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील ३८-जे कलमानुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला डिवचणे किंवा खाऊ घालणे हा गुन्हा आहे.

काचेची गोष्ट निराळी. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१७ पासून हम्बोल्ट पेंग्विन काचेमागे पाहायला मिळतात. तिथे काच रुमालाने पुसून, रबरी हूड तिला टेकवून, लेन्स काटकोनात धरावी. तिरप्या कोनातून पोलरायझर प्रतिबिंब कमी करतो खरा, पण जाड काचेतून तिरपे घेतलेले चित्र मऊ पडते आणि वर दीड-दोन स्टॉप प्रकाशही जातो. अंधाऱ्या दालनात हा सौदा बहुधा परवडत नाही. त्यापेक्षा आयएसओ वाढवलेला बरा. गडद कपडे घातले की निम्मी प्रतिबिंबे जातात. फ्लॅश बंदच ठेवावा. काचेची हिरवट छटा रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सने निघते.

इंदापूर तालुक्यातल्या शेळगाव-कडबनवाडीच्या माळावर किंवा सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा गाडीची चाहूल लागताच अंतर वाढवतो. उलट पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात काळवीट तासभर नजरेसमोर असते. इंदापूर-बारामतीच्या छायाचित्रकारांना शंभराहून अधिक किलोमीटरचा हा फेरा घालावासा वाटतो, तो चित्र घेण्याच्या निवांत सरावासाठी. पण दार उघडेपर्यंत सकाळचे कोवळे ऊन सरलेले असते. त्यामुळे उन्हाळ्यातल्या दुपारपेक्षा पावसाळ्यातला ढगाळ दिवस निवडावा. मऊ प्रकाशात पांढऱ्या पोटाचा तपशील जळत नाही आणि काळ्या पाठीचाही बुजत नाही. बुधवारी संग्रहालय बंद असते, हे निघण्यापूर्वी लक्षात असू द्यावे.

त्यानंतर पाहायचे ते प्राण्याच्या मागे काय आहे. सिमेंटची भिंत, पाण्याचा हौद, नळ, नावाची पाटी यांपैकी एक जरी कोपऱ्यात आले तरी चित्राची रया जाते. दोन पावले बाजूला सरकले किंवा गुडघ्यावर बसले की बहुतेक वेळा ते झाकले जाते. येरझारा घालणारा वाघ रोज त्याच जागी वळतो, त्यामुळे चित्र मिळवणे सोपे होते. मात्र ही येरझार बंदिवासाच्या ताणाचे लक्षण असू शकते. ती झाकून ‘डौलदार चाल’ म्हणून खपवणे फारसे शोभत नाही.

संपादनात काळा रंग योग्य पातळीवर आणणे, कॉन्ट्रास्ट वाढवणे, कडा छाटणे योग्यच, कारण जाळीने धुवून नेलेला जोर त्यातूनच परत येतो. तारेमागचा भाग सॉफ्टवेअरकडून रंगवून घेणे मात्र वेगळे. वाघाची ओळख त्याच्या पट्ट्यांवरून पटते आणि दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. यंत्राने भरलेला पट्टा त्या वाघाचा नसतोच.

राहता राहिली चित्रओळ. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली होसे लुईस रॉद्रिगेस यांच्या फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. जानेवारी २०१० मध्ये ते काढून घेण्यात आले, कारण तो लांडगा माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना वाटली. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण निर्णय फिरला नाही. इंदापूरच्या माळावर खरेखुरे लांडगे आहेत आणि त्यांच्यासाठी लोक पहाटेपासून गवतात ताटकळतात. पिंजऱ्यातल्या लांडग्याखाली ‘कडबनवाडी’ असे लिहिणाऱ्याने या लोकांचे श्रम तर लाटलेच, शिवाय कुठे कोणता प्राणी आहे याची नोंदही बिघडवली.

प्रसिद्धीसाठी चित्र पाठवताना छायाचित्रकारांनी मूळ रॉ फाइल जोडावी, आणि प्राणी बंदिस्त असेल तर ‘बंदिस्त’ हा शब्द व संग्रहालयाचे नाव चित्रओळीतच लिहावे.