उसाच्या फडातलं भूत आणि आपली मतं



गेल्या महिन्यात या सदरात ‘लपाछपी’ हा मराठी भयपट बघायला सुचवला होता. आवडला तर का, नाही आवडला तर का, हे मोकळेपणाने कळवा असंही लिहिलं होतं. आपली बडोद्याची तरुण मंडळी मोकळेपणात काही कमी नाहीत. मतं भरपूर आली, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना! म्हणून या वेळी नवा सिनेमा न घेता या मतांवरच बोलू या.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१७ च्या जुलैमध्ये आलेला हा सिनेमा विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केला आहे. नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गरोदर. नवरा तुषार (विक्रम गायकवाड) कर्जात अडकलेला. देणेकरी मागे लागतात म्हणून दोघं शहर सोडून उसाच्या फडात लपलेल्या एका घरात आसऱ्याला येतात. तिथे तुळसाबाई (उषा नाईक) तिची सगळी काळजी घेते. मग मुलांच्या हसण्याचे, लपाछपी खेळण्याचे आवाज येऊ लागतात. पुढचं सांगत नाही.

पहिलं मत, आणि सगळ्यात जास्त जणांचं: भीतीच वाटली नाही. हे लिहिणारे बहुतेक कॉलेजातले मुलगे. हॉलिवूडचे मोठमोठे भयपट पचवलेल्या या मंडळींना पांढऱ्या कपड्यातल्या बाईचं काय? पण त्यातल्या तिघांनी सिनेमा कुठे पाहिला तेही लिहिलं होतं. एकाने ट्रेनमध्ये, एकाने जेवता जेवता, आणि एकाने चार मित्रांसोबत मस्करी करत. आता मला सांगा, अहमदाबादला जाणाऱ्या गाडीत चहावाल्यांच्या आरोळ्यांमध्ये कुठलं भूत तुमच्यापर्यंत पोचेल? भयपट निम्मा कानांनी बघायचा असतो. अंधारी खोली, चांगले हेडफोन आणि बंद फोन, एवढं तरी त्याला द्यायला हवं.

तरीही ‘भीती वाटली नाही’ हे मत खोटं म्हणता येत नाही. विनोदावर हसू येतं किंवा येत नाही, तसंच हे. आणि हा वाद जुना आहे. १९९९ साली अमेरिकेत ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आला. तीन तरुण, हातातला कॅमेरा, मेरीलँडचं जंगल आणि सुमारे आठवडाभराचं चित्रीकरण. खर्च काही हजार डॉलरांत मोजावा इतका, आणि जगभरातली कमाई सुमारे २४.८ कोटी डॉलर. समीक्षकांनी कौतुक केलं. पण सिनेमागृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मतं नोंदवली गेली तेव्हा श्रेणी मिळाली जेमतेम ‘सी प्लस’. काहींना रात्री झोप लागली नाही, काहींना हलणाऱ्या कॅमेऱ्याने मळमळलं, आणि काहींनी विचारलं की यात भूत होतं कुठे? पंचवीस वर्षं उलटली, तो वाद अजून संपलेला नाही. तेव्हा आपल्या घरात दादा आणि ताईचं एकमत होत नसेल तर काळजी करू नका.

दुसरं मत: सिनेमा संथ आहे, त्याच त्याच जागा दिसतात. एकीने हिशोबच मांडला, की घर, अंगण, विहीर, ऊस, पुन्हा घर. बरोबर आहे तिचं. पण कमी पैशात सिनेमा करणाऱ्याकडे दुसरा मार्ग काय? मोठा वाडा उभारायला पैसे नाहीत, संगणकावर राक्षस घडवायला नाहीत. मग जे फुकट मिळतं ते वापरायचं. महाराष्ट्रात फुकट काय मिळतं? ऊस! माणसाच्या डोक्याहून उंच, आत शिरलं की दहा पावलांवर दिशा कळेनाशी होते, आणि वारा नसला तरी पानं सळसळतात. या सिनेमाची सगळ्यात मोठी हुशारी मला इथे दिसते. भुताला त्याने अमावास्येची वाट बघायला लावलेली नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात, हिरव्यागार शेतात भीती वाटायला लावली आहे. ज्यांचं आजोळ सांगली-कोल्हापूरकडे आहे आणि जे सुट्टीत फडात खेळले आहेत, त्यांच्यापैकी एकानेही सिनेमा संथ आहे असं लिहिलेलं नाही. गंमत आहे ना?

तिसरं मत नेहावर आणि तिच्या नवऱ्यावर चिडलेल्यांचं. एवढं होऊनही ही पळून का जात नाही? नवऱ्याला काहीच कसं दिसत नाही? भयपटातली माणसं मूर्खपणा करतात ही तक्रार सगळीकडेच असते, आणि इथेही एक-दोन प्रसंगांत ती खरी आहे. पण आठ महिन्यांची गरोदर बाई, अनोळखी गाव, हातात पैसे नाहीत, निर्णय सगळे दुसऱ्याचे. ती पळून जाणार कुठे? आपल्यापैकी एका ताईने, जिला दीड वर्षाचा मुलगा आहे, या तक्रारीला परस्पर उत्तर दिलं. तिचं म्हणणं असं, की शेवटच्या महिन्यात तिला स्वतःच्या चपला घालायलासुद्धा मदत लागायची, आणि धावायचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा पोटाला दहा किलोचं पोतं बांधून बघावं. यावर मी आणखी काय बोलणार!

चौथ्या मतावर मात्र जवळजवळ सगळे एकत्र आले: उषा नाईक. ‘एक हजाराची नोट’मधली त्यांची साधीभोळी म्हातारी ज्यांना आठवते, त्यांनी तुळसाबाई जरूर बघावी. तिच्या बोलण्यात माया आहे आणि त्या मायेचीच हळूहळू धास्ती वाटायला लागते. खायला घालणं, डोक्यावरून हात फिरवणं, ‘असं करू नये बाई’ म्हणत रागावणं, हे सगळं आपल्या घरातलंच. दोघा-तिघांनी लिहिलं की तिची गावाकडची बोली नीट कळली नाही, म्हणून खालची इंग्रजी वाक्यं वाचावी लागली. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपली मराठी चार-पाच पिढ्या मांडवी-दांडिया बाजारात वाढलेली, तिच्यात गुजराती मिसळलेली. आईला किंवा आजीला शेजारी बसवून बघा, शब्द कळतील आणि सोबतही होईल.

आता पाचवं मत, ज्यावर मला जरा थांबायचं आहे. या सिनेमातल्या भुतांमागचं कारण आहे मुलगी नको असणं. हे सांगून मी रहस्य फोडतो आहे असं समजू नका, सिनेमाबद्दल कुठेही बोलणं निघालं की हे पहिल्यांदा कळतंच. यावर आपल्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की शेवटाकडे सिनेमा भाषण देतो, आणि हा विषय आता जुना झाला, आपल्यासारख्या शिकलेल्या घरांत असं कुठे असतं?

भाषणाची तक्रार मला मान्य आहे. दीड तास जे उसातून ऐकू येत होतं ते तोंडाने बोलून दाखवायची गरज नव्हती. पण विषय जुना? जनगणनेचे आकडे बघू. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ झाल्या. ज्या बीड जिल्ह्यातून मोठ्या संख्येने माणसं ऊस तोडायला बाहेर जातात, तिथे ८०७. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा करणारं राज्य महाराष्ट्रच, तेही १९८८ साली! केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ चा. २०११ मध्येच सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. नकुशी म्हणजे नको असलेली. हाक मारताना रोज ते ऐकत त्या मुली मोठ्या झाल्या होत्या.

आणि गुजरातने हसायचं कारण नाही. इथे २०११ चा आकडा ८९०. ‘दूधपीती’ हा शब्द तर आपण शाळेतच ऐकलेला असतो. नवजात मुलीला दुधाच्या भांड्यात बुडवायची ती रीत. बडोद्याचा ब्रिटिश रेसिडेंट कर्नल अलेक्झांडर वॉकर याने १८०८ साली काठियावाडातल्या जाडेजा ठाकोरांकडून ही रीत सोडण्याचे लेखी करार करून घेतले. तरी पुढे १८७० मध्ये मुलींच्या हत्येविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे करार झाल्यावर साठ वर्षांनीही भूत गेलेलं नव्हतं.

शिकलेल्या घरांचं म्हणाल, तर एका मावशींचा निरोप तुम्हाला सांगतो. नाव सांगू नका असं त्या म्हणाल्या. त्यांनी सिनेमा अर्ध्यावर बंद केला. भुताला भिऊन नव्हे. तुळसाबाई जे बोलते ते शब्द त्यांनी स्वतःच्या दुसऱ्या बाळंतपणात ऐकले होते, शहरातल्या एका मोठ्या फ्लॅटमध्ये, पदवीधर माणसांकडून. दुसरी मुलगी झाल्यावर दवाखान्यात कोण कोण भेटायला आलं नाही, ते त्यांना अजून पाठ आहे. ती दुसरी मुलगी आज इंजिनिअर आहे आणि आपल्या गणेशोत्सवात ढोल वाजवते. आता आपल्या घरचे डोहाळजेवणाचे फोटो आठवा. पेढा की बर्फी हा खेळ आपण हौसेने खेळतो. पेढा निघाला की जास्त टाळ्या का पडतात? आणि इथल्या रीतीप्रमाणे मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जलेबी, असा बॉक्सवरूनच निरोप का कळावा? खेळ बंद करा असं मी म्हणत नाही. टाळ्या सारख्या पडाव्यात, एवढंच.

आपल्या जुन्या भुतांच्या गोष्टींमध्येही हे सगळं आहे. आजी ज्या अळवंतिणीची गोष्ट सांगायची, ती कोण? बाळंतपणात दगावलेली बाई. जिवंत असताना जिची नीट काळजी घेतली गेली नाही, तिला मेल्यावर सगळं गाव भ्यायचं. लोकांना मनातून ठाऊक होतं की काहीतरी देणं राहून गेलंय. ‘लपाछपी’ याच परंपरेतला आहे, म्हणून मला तो परदेशी भयपटांची नक्कल वाटत नाही. त्यातल्या भुतांना हिशोब हवा आहे, आणि तो चुकता करायची जबाबदारी जिवंत माणसांवर आहे.

हिंदीतलं ‘छोरी’ आधी पाहावं की हे, असंही काहींनी विचारलं. ‘छोरी’ २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉन प्राइमवर आला. दिग्दर्शक तेच, नायिका नुसरत भरुचा, आणि तुळसाबाईच्या जागी मीता वशिष्ठ. ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांच्यात फूट पडली आहे. हिंदी जास्त देखणा आहे, आवाज आणि छायाचित्रण उजवं आहे, हे खरं. पण मराठीतलं ते घर मला जास्त खरं वाटतं, आणि उषा नाईक तिथे आहेत. माझं ऐकाल तर आधी मराठी बघा. मूळ गोष्ट आपल्या भाषेत असताना ती आधी दुसऱ्या भाषेत का ऐकायची?

एक सूचना मात्र मनापासून. घरात कोणी गरोदर असेल, किंवा नुकतंच कोणाचं बाळ गेलं असेल, तर हा सिनेमा त्यांच्यासमोर लावू नका. लहान मुलांनाही नको. दहावी-बारावीच्या मुलामुलींसोबत आई-बाबांनी बघितला आणि नंतर अर्धा तास टीव्ही बंद करून बोलले, तर उत्तम.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, मध्ये थोडा रेंगाळणारा, शेवटी थोडा जास्त बोलणारा, पण मनातून न जाणारा सिनेमा. भिती किती वाटली यावर मी त्याला पाचापैकी तीन देईन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर घरात किती बोलणं झालं, यावर साडेचार.

पुढच्या महिन्यासाठी ‘तुंबाड’. २०१८ साली आला तेव्हा फार थोड्यांनी सिनेमागृहात पाहिला, आणि २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गर्दी खेचली. प्रेक्षकांचं मत सहा वर्षांत असं का बदललं असेल? बघा, विचार करा आणि कळवा. आजीचं मतही सोबत पाठवा, तिला सगळ्यात कमी भीती वाटते असा माझा अनुभव आहे!