कूलर ठेवू कुठी?

परवा एक जुनी विद्यार्थिनी घरकुलाचा नकाशा घेऊन आली. सावनेरजवळच्याच एका खेड्यात राहते. प्रधानमंत्री आवास योजनेतून घर मंजूर झालंय, काम जोत्यापर्यंत आलंय. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. पण चहा घेता घेता म्हणाली, "सर, घर तं भेटलं, पण कूलर ठेवू कुठी?"

हसू नका मंडळी! विदर्भाबाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडे कूलर उन्हाळ्याचे तीन-चार महिने देव असतो आणि उरलेलं वर्षभर नुसती टिनाची पेटी. त्यात भर म्हणून वर्षाच्या गव्हाची कोठी, गाद्या-रजया, लग्नकार्याचे मोठे गंज, पापड-कुरड्यांचे डबे. आणि ग्रामीण घरकुलाचं माप किती? स्वयंपाकाची जागा धरून २५ चौरस मीटर. म्हणजे साधारण २६९ चौरस फूट.

माझी नात मोबाईलवर छोट्या घरांच्या 'स्टायलिश स्टोरेज'चे व्हिडिओ दाखवते. वेताच्या टोपल्या, एकसारख्या बरण्या, दारामागे लटकणारे कप्पे. छान दिसतं सगळं, नाही म्हणत नाही. पण त्यातल्या एकाही घरात वर्षाचा गहू नसतो! त्या जपानच्या मारी कोंडोबाई म्हणतात, वस्तू हातात घ्या, आनंद झाला तर ठेवा, नाहीतर निरोप द्या. आता कूलर पाहून आनंद होतो का? मे महिन्यात होतो, ऑगस्टमध्ये नाही. (तिसऱ्या बाळानंतर आवराआवर आपल्यालाही पूर्वीसारखी जमत नाही, असं बाईंनी २०२३ मध्ये मोकळेपणाने सांगून टाकलं. मला त्या तेव्हापासून जास्त आवडू लागल्या.)

माझं म्हणणं एवढंच, की लहान घरातला हा प्रश्न दुकानात जाऊन सुटत नाही. तो भिंत उभी राहताना सुटतो, नाहीतर राहूनच जातो. आमच्या जुन्या मातीच्या घराची भिंत दोन फूट जाड होती. तिच्या पोटातच कोनाडे, दिवळी, फडताळ. खुंटीवर कपडे, आढ्याला शिंकं, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. सगळं सामान भिंतीत नाहीतर उंचावर, म्हणून जमीन मोकळी. रात्री त्याच खोलीत आठ-दहा माणसं झोपायची. जपानी घरांतही सकाळी अंथरुणं भिंतीतल्या खोल कपाटात जातात आणि तीच खोली बसायला मोकळी होते. केरळात लॉरी बेकर यांनी विटांच्या स्वस्त घरांतही कोनाडे आणि भिंतीलगतची बांधीव बैठक ठेवली, तेवढाच फर्निचरचा खर्च वाचला. आपण मात्र विटा-सिमेंट आलं आणि कोनाड्याला गावंढळ ठरवून मोकळे झालो.

आपण म्हणजे मीच. १९८४ साली हे घर बांधलं तेव्हा हिने एकदा सुचवलं होतं, "स्वयंपाकघरात वर सज्जा काढून घ्या." मी गवंड्याशी बोललो, मोठ्या भावाशी बोललो, हेडमास्तरांनाही विचारलं. हिला मात्र परत विचारलं नाही. खर्च वाचेल आणि भिंत साफ दिसेल म्हणून सज्जा रद्द केला. त्यानंतर इतकी वर्षं ही पलंगाखालची ट्रंक वाकून ओढते आहे. आता कंबरेचा पट्टा बांधून ओढते. सातवीच्या मुलांना घनफळ शिकवणारा मी, स्वतःच्या घरात फक्त क्षेत्रफळ मोजत बसलो.

तर त्या मुलीला सांगितलं, गवंड्याशी नवऱ्याने नव्हे, तू बोल. खोली दहा फूट उंच असेल तर सात फुटांवर दोन फूट रुंदीचा सज्जा घे. दहा फूट लांबीची भिंत धरली तरी २० चौरस फूट जागा हवेत मिळते. नऊ इंची भिंतीत पाच इंच खोल कोनाडा निघतो, साडेचार इंचीत मात्र काढू नको, तिथे कडप्पा बसव. हे सगळं विटा रचतानाच सांग, प्लास्टर झाल्यावर फोडाफोड केली की सांधे हलतात. पश्चिमेच्या भिंतीला हात लावू नको, आधीच ती उन्हाने तापते, आणखी पातळ केलीस तर उन्हाळ्यात तो कोनाडा म्हणजे चूलच. लोखंडी आलमारी घेतलीच तर तिने अडवलेली जागा मोज आणि दार उघडायला लागते तीही मोज.

तिने सगळं वहीत लिहून घेतलं. मग टेप काढून आमचाच कूलर मोजला. अडीच फूट भरला, दोन फुटांच्या सज्जावर बसायचा नाही! शेवटी समोरच्या पडवीत त्याच्यापुरता ओटा करायचं ठरलं.

ती गेल्यावर ही कपबशा उचलता उचलता म्हणाली, "मग आपला सज्जा कधी?" दिवाळीनंतर गवंडी येतोय. या वेळी माप ही सांगणार आहे.