उलट उत्तर आणि उद्धट उत्तर

‘हल्लीची मुले फार उलट बोलू लागली आहेत,’ अशी तक्रार घेऊन पालक आमच्याकडे येतात आणि रविवारच्या प्रवचनात त्यांची चांगली कानउघाडणी करावी, असा आग्रह धरतात. हा आग्रह आम्हांला मान्य नाही. उद्धटपणाची तरफदारी आम्ही करीत नाही. आईच्या तोंडावर दार आपटणारा मुलगा आणि आजोबांना ‘तुम्हांला काय कळते?’ असे हिणवणारी नात यांना समज दिलीच पाहिजे. परंतु उद्धट उत्तर आणि उलट उत्तर ही दोन्ही आपण एकाच दावणीला बांधली आहेत, आणि आमची हरकत तेथेच आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात, महायाजकाला उत्तर दिले म्हणून एक शिपाई प्रभू येशूला चपराक मारतो. प्रभू गप्प बसत नाही. आपण चुकीचे बोललो असल्यास ते दाखवून द्यावे, बरोबर बोललो असल्यास मारण्याचे कारण काय, असा सवाल तो करतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या २३व्या अध्यायात संत पौलावरही अशीच वेळ येते. महायाजक हनन्या त्याच्या तोंडावर मारण्याचा हुकूम सोडतो आणि पौल संतापून त्याला शेलक्या शब्दांत हिणवतो; मात्र समोर महायाजक आहे हे कळताच शास्त्रवचनाची आठवण ठेवून माघार घेतो. प्रभूचे उत्तर मुद्द्याला धरून राहिले. पौलाचे माणसावर घसरले. उद्धटपणाची याहून सोपी कसोटी आम्हांला ठाऊक नाही.

‘मग चौथ्या आज्ञेचे काय?’ असे कोणी विचारील. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने मुलांना आज्ञाधारकपणा सांगितला आहेच. पण एखादी आज्ञा पाळणे पाप ठरेल अशी सद्सद्विवेकाची खात्री झाल्यास ती पाळू नये, असेही त्याच्या २२१७व्या परिच्छेदात बजावले आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातही मुलांना उपदेश केल्यावर लगेच बापांना ताकीद दिलेली आहे, की त्यांनी मुलांना चिडीस आणू नये. आपल्या घरांत पहिले वाक्य पाठ असते, दुसऱ्याची आठवण कोणाला नसते. जो बाप चारचौघांत बायकोची अक्कल काढतो, त्याच्या मुलाला उद्धटपणा शिकायला घराबाहेर जावे लागत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. मोठ्यांना उलट बोलायचे नाही, एवढेच ज्या लेकराला शिकवले, त्याच्या अंगावर एखाद्या मोठ्याचा वाईट हात पडला तर ते ‘नको’ कसे म्हणणार? घरी येऊन ते कोणाला सांगणार? मुलांच्या या गप्प राहण्याची किंमत काय असते, हे ख्रिस्तसभेला जगभर शरमेने पाहावे लागले. २०१२ साली भारतात पोक्सो कायदा झाला. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा अत्याचाराची खबर वरिष्ठांना देणे धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर बंधनकारक केले. पण कायदा जागा होण्यासाठी आधी लेकराने तोंड उघडावे लागते. समोरचा माणूस काका असो, मास्तर असो की आमच्यासारखा झगा घातलेला असो, त्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा त्याला घरीच मिळाली पाहिजे.

तेव्हा प्रवचन आम्ही जरूर करू, पण ते आईबापांनाही ऐकावे लागेल. संध्याकाळी जपमाळ आटोपून जेवायला बसल्यावर मुलाने ‘का?’ म्हणून विचारले, तर त्याचे तोंड बंद करू नका. शब्द वावगा असेल तर तेवढा शब्द सुधारा, आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्या.