गळा कुणाचा, इमारत कुणाची?



मागल्या बैठकीत एका साथीनं फर्मावलं, "गाणंबिणं पुरे झालं. आता फक्त विचार." टाळ्या पडल्या. दुसऱ्यानं वर कडी केली, "पोरांना सारेगम शिकवणं म्हणजे त्यांना बामणी सोवळं नेसवणं." त्यालाही टाळ्या. मला सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला जायची घाई होती, म्हणून गप बसलो. आता बोलतो.

साथींनो, मुंबईत १९७२ साली दलित पँथर निघाली, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरनं घेतलेलं. नाव घेतलं, डरकाळी घेतली. पण त्याच काळ्यांच्या पोरांनी शंभर वर्षं आधी गळ्यावर जी मेहनत केली, ती कुणी घेतली नाही. तिची गोष्ट ऐका.

टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. यादवी युद्ध १८६५ ला संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली. १८६६ च्या जानेवारीत फौजेच्या दवाखान्याच्या जुन्या बराकीत फिस्क नावाची शाळा उघडली. सुटलेल्या गुलामांची शाळा. पुस्तकाला पैसा नाही. तेव्हा गुलामांच्या कोंडवाड्यातल्या गंजक्या बेड्या भंगारात विकून अंकलिप्या आणल्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

पाचेक वर्षांत बराकी कुजल्या, शाळा मोडायला आली. जॉर्ज व्हाइट हा गोरा माणूस तिथं खजिनदार. त्यानं शाळेतल्या पोरापोरींचा गट बांधला, रोज तालीम घेतली, आणि ६ ऑक्टोबर १८७१ ला नऊ जणांना घेऊन पैसा गोळा करायला बाहेर पडला. नवातले बहुतेक गुलामीत जन्मलेले. मिनी टेट चौदाच्या आसपासची. एला शेपर्ड विशीतली. बापानं पैसे मोजून तिला सोडवलेलं. पियानो तिच्याकडं, तालमीचं मोठं ओझंही तिच्यावर. नाव मात्र व्हाइटचं झालं. हे आपल्याला नवं नाही.

तालीम कसली? ओरडायची नव्हे, हळू गायची. इतकं हळू की मागच्या बाकड्यावरच्या माणसानं कान टवकारावेत, पण एक शब्द सांडता कामा नये. सगळे गळे एका श्वासावर आणायचे. आमच्या खात्यात डॉफिंगला चार हात एका लयीत पडायला महिने जातात, साहेब शिव्या घालतो ते वेगळंच. म्हणून या कामाची किंमत मला कळते.

सुरुवातीला ते गोऱ्यांचीच गाणी गात. आईबापांची गाणी चारचौघांत गायला पोरं राजी नव्हती. ती गुलामीची आठवण, आणि आईबापांच्या प्रार्थनेतली चीज, बाजारात मांडायची नव्हे; एला शेपर्डनंच हे लिहून ठेवलंय. त्या काळी गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करायचे आणि लोक खिदळायला तिकीट काढायचे. त्याच लोकांपुढं आईचं रडणं गाऊन दाखवायचं? आपल्यातही आजीची जात्यावरची ओवी कॉलेजात म्हणायला पोरगी कचरतेच की.

तरी त्यांनी गायली. नोव्हेंबर १८७१ ला ओबर्लिनच्या धर्मसभेत ती गाणी म्हटली आणि हवा फिरली. गटाला नाव पडलं ज्युबिली सिंगर्स; बायबलात ज्युबिलीचं साल म्हणजे गुलाम सोडायचं साल. कातडीपायी हॉटेलवाले त्यांना दारातनं परत पाठवत, आणि १८७२ ला तेच गट राष्ट्राध्यक्ष ग्रँटपुढं गायला. १८७३ ला व्हिक्टोरिया राणीपुढं. त्या पैशातनं ज्युबिली हॉल उभा राहिला. १ जानेवारी १८७६ ला उघडला, आजही उभा आहे.

आता त्या सोवळ्यावाल्या साथीला विचारतो, यात सोवळं कुठाय? लुगडं आईचंच. फक्त धुऊन, पिळून, दांडीवर ताणून वाळवलेलं. ज्या गाण्यावर लोक हसायचे त्यावर हसायची सोयच त्या रियाजानं ठेवली नाही.

पण मी आरती ओवाळत नाही. त्या पोरांना शाळेसाठी गाता गाता शाळाच पारखी झाली. वर्षानुवर्षं आज इथं, उद्या तिथं. आजारपणं, बसलेले गळे. बेंजामिन होम्स क्षयानं गेला. १८७८ ला दमून गट मोडला. ज्यांनी विटा कमावल्या त्यांनाच त्या इमारतीत बसून शिकायला सवड मिळाली नाही.

त्या इमारतीत पुढं कोण शिकलं? १८८५ ला आलेला डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. १९०३ च्या पुस्तकात त्यानं या गाण्यांवर अख्खं प्रकरण लिहिलं. आणि १९४६ साली याच ड्यू बॉइसला आपल्या बाबासाहेबांनी पत्र लिहिलं, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली. म्हणजे धागा कुठनं कुठं येतो बघा. विचार आणि गाणं वेगळं काढणाऱ्यानं तो आधी तोडून दाखवावा.

हार्लेमला १९६८ साली वॉल्टर टर्नबुल यांनी पोरांचा गायनगट काढला, पुढं गाणं आणि शाळा एकत्र चालवली. कारभार ढासळून २००७ ला ते मिटलं, पण गाणाऱ्या पोराला आधी शिकवायचं हे तिथं कुणाला तरी सुचलं.

आणि आपण काय करतो? आमच्या वस्तीतली पंधरा वर्षांची एक पोरगी. रमाई जयंतीला, दहावीची परीक्षा तोंडावर असताना, पुढाऱ्याची गाडी येईस्तोवर तिला रात्री बारापर्यंत गायला लावली. एकटी. चार दिवस तिला बोलता येईना. मिळालं काय? हार आणि चहा. ज्यांनी तिला उभी केली त्यांच्यातला एक परवा "फक्त विचार" म्हणत होता. भीमराव कर्डकांच्या जलशानं वस्त्या हलवल्या, त्या लोकांनी तालीम केली होती हो! आपण पोरांच्या हातात माइक देतो आणि त्याला चळवळ म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच की पोरांना श्वास शिकवा, सूर शिकवा, गाण्याचे पैसे त्यांच्या हातात द्या, आणि परीक्षेच्या महिन्यात त्यांना हात लावू नका. पुढारी उशिरा आला तर लोकांनी गप बसून वाट बघावी.

आमच्या विहारात दर रविवारी सकाळी आठला वर्ग घेतोय. सात जणं येतात. ती पोरगीही येते, परीक्षा झाल्यावर आली. पेटी मिळालीय, भाता फाटका आहे. दुरुस्त करता येणाऱ्यानं यावं. टाळ्या घेणारा साथी आला तरी चालेल, त्यानं भाता ओढावा.