खड्डा खचला की पावसावर खापर

सदर : पायाखालची जमीन

या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बेसमेंटच्या खड्ड्याची कड खचली. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. साइटवरच्या इंजिनिअरने कारण दिलं, ‘पाऊस फार झाला.’ जून 2018 मध्ये वडाळ्यात आणि जुलै 2023 मध्ये चुनाभट्टीत उभ्या गाड्यांसकट जमीन खड्ड्यात गेली, तेव्हाही पावसाळाच होता. पण मुंबईत पाऊस पडणार, हे शोअरिंग (खड्ड्याच्या कडांचा आधार) आखणाऱ्याला आधीच माहीत असतं. भिंतीमागे साचणाऱ्या पाण्याचा दाब त्याने हिशेबात धरायलाच हवा.

सिंगापूरमध्ये 2004 साली मेट्रोच्या खोदकामात निकोल हायवे खचला, ते प्रकरण मी पुन्हा काढतोय, कारण आपल्या गल्लीतल्या खड्ड्याला जे मिळत नाही ते सगळं तिथे होतं. मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी मऊ सागरी चिकणमातीत सुमारे 30 मीटर खोदकाम झालं होतं. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या डायफ्रॅम वॉल होत्या, त्या आत झुकू नयेत म्हणून मधे एकाखाली एक पोलादी स्ट्रटचे (आडव्या टेकूंचे) थर होते, आणि भिंत किती सरकली ते मोजणारी उपकरणंही होती. उपकरणांनी इशारा दिला. भिंत अंदाजापेक्षा जास्त सरकली होती. तेव्हा काम थांबवून कारण शोधण्याऐवजी नवा हिशेब मांडून सरकण्याची मर्यादाच वाढवली, तीही दोनदा. ताप चढतोय म्हणून थर्मामीटरवरची खूणच वर सरकवावी, तसं हे झालं. 20 एप्रिल 2004 ला सकाळी स्ट्रट आणि वेलर (भिंतीलगतची आडवी तुळई) यांच्या सांध्यांतून आवाज येऊ लागले. ते सांधे मुळातच कमी ताकदीचे आखले होते. नवव्या थराचे सांधे पिचले, भार वरच्या थरावर गेला, त्यालाही तो पेलवला नाही. दुपारी साडेतीनच्या सुमारास महामार्गाचा तुकडा आत गेला. चार जणांचा जीव गेला.

सिंगापूरने त्यानंतर नियम कडक केले. एखादा स्ट्रट निकामी झाला तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे, हे आधी सिद्ध करावं लागतं.

आमच्या गल्लीत मी पाहिलं ते असं : पाइलची (जमिनीत उभ्या रोवलेल्या खांबांची) एक रांग, दोन पाइलच्या फटीतून ओघळणारा मुरूम, ना भिंत मागून धरणारा अँकर, ना स्ट्रट, ना मोजमापाचं एखादं साधन. सिंगापुरात आकडे असूनही ते मानले गेले नाहीत. इथे मानायला आकडाच नाही.

म्हणून माझी जुनी मागणी पुन्हा मांडतो. खोल खड्ड्याच्या फाटकावर दोन आकडे रोज लिहा : भिंत किती सरकली, आणि किती सरकल्यावर काम थांबेल. दुसरा आकडा खोदकामाआधी ठरवा, आणि तो बदलण्याचा अधिकार ठेकेदाराला देऊ नका. काम थांबवण्याचा हुकूम ज्याला देता येईल, त्याचा पगार त्या ठेकेदाराच्या खिशातून जाता कामा नये. पावसाळ्यात शेजारच्या इमारतीत झोपणाऱ्यांचा एवढा तरी हक्क आहे.