टाळ्यांपेक्षा मापाचा मास्क द्या

2020च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या साथीत, मुंबईतल्या अनेक डॉक्टर-परिचारिकांनी घरी जाणेच बंद केले. कुणी हॉटेलात राहिले, कुणी वसतिगृहात. स्वतःला लागण होण्यापेक्षा आपल्यामुळे म्हाताऱ्या सासूला किंवा तान्ह्या बाळाला होईल, याचाच त्यांना धसका होता. 2003च्या सार्स साथीत टोरांटोतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाही हीच काळजी पोखरत होती.

म्हणजे काळजी घ्यायची प्रेरणा मुबलक आहे. कमी पडते ती सोय.

केंद्राने मार्च 2020मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचे विमाकवच जाहीर केले. ते हवेच होते. पण विमा मृत्यूनंतर मिळतो, मास्क त्याआधी लागतो. संरक्षक किट चढवून तासन् तास पाणी न पिता, लघवीला न जाता राबणाऱ्या परिचारिकेला प्रवचन नको असते. तिला मापाचा मास्क, छोटी पाळी आणि पगार न कापणारी आजारपणाची रजा हवी असते. रोज बुडणार असेल, तर कंत्राटी सफाई कामगार ताप लपवून कामावर येणारच. जून 2021मध्ये महाराष्ट्रातल्या आशा सेविकांना तर तुटपुंज्या मानधनासाठी भर साथीत संप करावा लागला.

पुढच्या साथीची वाट न पाहता सरकारने आणि रुग्णालयांनी मापाचा मास्क, छोटी पाळी आणि आजारपणाची पगारी रजा या तीन गोष्टी कंत्राटी कर्मचाऱ्यांसह सर्वांना आताच लेखी द्याव्यात.