लवाद आहे, पण नोटिशीची मुदत पाहिली का?

मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेताना आपले व्यापारी बांधव अनामत, माल व कमिशन यांची खोदून चौकशी करतात. मागच्या पानावरची कलमे मात्र न वाचताच सही होते. वाद झालाच तर लवाद न्याय देईल, दुकान परत मिळेल, अशी समजूत असते.

ती किती फोल आहे ते अमृतसरच्या एका गॅस एजन्सीच्या प्रकरणावरून कळते. इंडियन ऑइलने एजन्सी रद्द केली. लवादाने ते चूक ठरवून एजन्सी परत देण्याचा निवाडा दिला. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची चूक मान्य केली, पण एजन्सी परत दिली नाही. 30 दिवसांच्या नोटिशीने संबंध तोडण्याची मुभा करारातच होती. म्हणून भरपाई मिळाली ती 30 दिवसांच्या कमाईची! फर्निचर, डिपॉझिट, भाडे यांत आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्याची ही थट्टाच म्हणायची.

तेव्हा घासाघीस करायचीच तर कमिशनाइतकीच नोटिशीच्या मुदतीसाठी करा. उरलेला माल कंपनीने कोणत्या भावाने परत घ्यायचा, तेही लिहून घ्या.

कंपनी अनामत गिळू पाहत असेल, तर 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 9 खाली, लवाद नेमण्यापूर्वीही, न्यायालयाकडे तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. मात्र हुकूम मिळाल्यावर 90 दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू व्हावी लागते. आणि कंपनीच्या संचालकाने परस्पर एकटा लवाद नेमला, तर ताबडतोब लेखी हरकत घ्या. अशी नेमणूक चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितले आहे.